हांडे सरांची वाकडी कोरफड

काही दुकानांत गिऱ्हाईक येतं, माल घेतं आणि जातं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं, एखादा किस्सा टाकतं आणि पुष्कळदा माल न्यायचं विसरून जातं. घोडेगावात माझं फ्लेक्सचं आणि फोटोफ्रेमचं दुकान आहे. वाढदिवस, दशक्रिया, उद्घाटन, हार्दिक अभिनंदन, सगळं एकाच मशीनमधून निघतं. त्यामुळे गोंधळाची मला सवय आहे. पण हांडे सरांच्या चित्रांनी जो गोंधळ घातला, त्याची सर कशाला नाही. संध्याकाळी चहाला बसलं की एक किस्सा सांगता सांगता दुसरा आठवतो, दुसऱ्यात तिसरा घुसतो आणि पहिला अर्धाच राहतो. म्हणून आज जरा ओळीनं सांगतो. मधे कुणी बोलू नका, बोललात तर मीच विसरेन.

आधी मंडळी कोण ते ऐका. हांडे सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता रिटायर आहेत. कॅमेरा नव्हता त्या काळात झाडं ओळखायला त्यांची हातानं चित्रं काढत. अशी चित्रं जमवणं हा सरांचा नाद. त्यातही सगळी झाडं नाहीत. फक्त लिली, कोरफड, कांदा, घायपात आणि त्यांचे भाऊबंद. जुन्या फाटक्या ग्रंथांतली सुटी पानं, कुणाकडून मिळालेल्या नकला, अशी एक ट्रंक भरलीय. दुसऱ्या सुमनताई, हायस्कूलच्या चित्रकलेच्या बाई, त्याही रिटायर. तिसरे नाना, एसटीत कंडक्टर होते. चौथा मी. माझ्याकडे पिकअप आहे म्हणून मला घेतलंय, हे मला ठाऊक आहे. आम्ही ही चित्रं गाडीत घालून गावोगाव नेतो, शाळेत नाहीतर देवळाच्या सभामंडपात लावतो आणि लोकांना दाखवतो. कशासाठी, असं मला विचारू नका. मीही विचारत नाही.

*

सुरुवात माझ्याच टेबलावर झाली. जुन्नरहून एक पावणं देवाची जुनी तसबीर घेऊन आले, काच फुटली होती. मी मागचा पुठ्ठा काढला तर पुठ्ठा आणि देव यांच्यामध्ये एक जाडसर कागद. फट राहू नये म्हणून कुणीतरी कधीकाळी घातलेला. उलटून बघतो तर त्यावर रंगानं काढलेली कोरफड. पावणं म्हणाले, "ते ठेवा तुमाला, मला देव द्या." मी देव दिला आणि कोरफड हांडे सरांना नेऊन दिली.

सरांनी ती दोन्ही हातांनी उजेडाकडं धरली. त्यांच्या ट्रंकेत छापील चित्रं पुष्कळ होती, पण हातानं रंगवलेलं अस्सल चित्र एकही नव्हतं. इंग्रज साहेबाच्या काळात जुन्नरच्या बाजूला सरकारी बाग होती आणि तिथं झाडांची चित्रं काढायला आपल्यातलाच एक चित्रकार होता, असं सर नेहमी सांगायचे. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. हे चित्र त्याचंच, असं सरांनी त्या मिनिटाला ठरवून टाकलं.

पण त्यात एक भानगड होती. पानं वर, मुळं खाली, त्यातलं एक बारीक मूळ लांबत पार कागदाच्या कडेपर्यंत गेलेलं, इथपर्यंत ठीक. पानाच्या कडेचा एकेक काटा असा काढलेला की बोट लावायची भीती वाटावी. फुलाचा दांडा मात्र पानांतून वर यायचा आणि लगेच गर्रकन वळून खाली, पार मुळांच्याही खाली जायचा. आणि त्यावरची फुलं वर आभाळाकडे तोंड करून. खऱ्या कोरफडीचा दांडा सरळ वर जातो आणि फुलं खाली लोंबतात. इथं सगळा कारभार उलटा. चित्रावर सही नाही, नाव नाही, एक अक्षर नाही. आम्ही तिचं नाव वाकडी ठेवलं.

सरांना एवढंच सिद्ध करायचं होतं की वाकडी बरोबर आहे. आपला चित्रकार चुकलेला नाही. बस्स. माणसं म्हातारपणी बंगला मागतात, नातू मागतात. हांडे सरांना हे हवं होतं.

*

पहिलं प्रदर्शन बोरी बुद्रुकला. तिथं सरांनी भाषण ठोकलं की जुन्या शास्त्रात लिली आणि कांदा एकाच घराण्यातले मानायचे. कांदेवाल्या गावात हे सांगितल्यावर माणसं खूश झाली. आपला कांदा एवढ्या मोठ्या घरचा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मग एकानं विचारलं की कांद्याचं चित्र आहे का. होतं. सरांनी ते मोठ्या कौतुकानं पुढं धरलं. विलायतेत छापलेलं, गुलाबी कांदा, वर हिरवी पात, मधून दांडा आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू.

मंडळी चित्राभोवती जमली. एक जण चष्मा लावून वाकला. बराच वेळ बघून म्हणाला, "सर, डेंगळं आलंय की ह्याला."

आता ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. कांद्याला फुलाचा दांडा आला की त्याला डेंगळं म्हणतात. असला कांदा मधून पोकळ होतो, टिकत नाही, व्यापारी हात लावत नाही. सर म्हणाले की अहो, फूल दाखवल्याशिवाय शास्त्रीय चित्र पुरं होत नाही. फुलावरूनच तर झाड ओळखायचं.

"ओळख पटली हो, पन माल गेला ना," तो माणूस म्हणाला. मग सगळ्यांनी मिळून त्या विलायती शेतकऱ्याची कीव केली. लागवड आगाप, म्हणजे वेळेआधी, झाली असणार, रोप जून असणार, थंडी लागली असणार. एक जण तर जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की चित्रकाराला दुसरा चांगला कांदा कुणी दिला नसेल का. मी सरांकडं बघितलं, सर माझ्याकडं.

*

नानांचं वेगळंच. नानांना आम्ही दाराशी उभं करतो, गर्दी आवरायला. जन्म एसटीत गेलेला. कुणी चित्रापुढं उभं राहिलं की नाना सुरू होतात. "चला, पुढं सरका, पुढं लई जागा हाय." माणसं बिचारी सरकतात. एकदा मंचरच्या प्रदर्शनात सगळे जण आत शिरून मागच्या दारानं बाहेर पडले, आणि एकानंही एक चित्र धड बघितलं नव्हतं. सुमनताई चिडल्या. नाना म्हणाले की पण कुणी मागं राहिलं का ते सांगा.

दुसऱ्या वेळी ताईंनी त्यांना समजावलं की लोकांना थांबू द्यायचं असतं, लोक थांबतात म्हणूनच ते प्रदर्शन. नानांनी मान डोलावली. त्या दिवशी दार उघडून पहिली पाच-सात माणसं आत घेतली आणि दार लावून घेतलं. गाडी भरल्यावर दार लावतात तसं. बाहेर निम्मं गाव उभं.

*

वाकडीबद्दल मात्र प्रत्येकाचं वेगळं मत. सुमनताई म्हणायच्या की कागद अपुरा पडला म्हणून त्यानं दांडा वाकवला. मी मोजून दाखवलं की वर कागद चांगला मोकळा आहे. नाना म्हणायचे की साहेबानं पगार थकवला असेल, रागानं काढलं असेल. माझी बायको म्हणाली की त्याला बिचाऱ्याला पाणी दिलं नसेल. कुणाला दिलं नसेल, झाडाला की चित्रकाराला, हे तिनं सांगितलं नाही.

सरांचं असल्या गप्पांवर भागेना. त्यांनी गच्चीवर कोरफडीच्या कुंड्या आणल्या आणि दांडा वाकडा करायचा चंग बांधला. एक कुंडी आडवी पाडली. एक कपाटामागे अंधारात ठेवली. एका दांड्याला दगड बांधला. एक जोरदार वाऱ्याच्या तोंडी ठेवली. मी मधूनमधून जाऊन बघायचो. आडव्या कुंडीतला दांडा जमिनीला समांतर निघाला आणि कोपरातून हात वाकवावा तसा वळून वर गेला. अंधारातला तसाच वर. दगड बांधलेला मोडला. वाऱ्यातला डुलत डुलत वरच गेला.

"काय पण करा," सर हताश होऊन म्हणाले, "हा दांडा आभाळाकडंच जातो. खाली जायचं त्याच्या रक्तातच नाही."

मला वाटलं आता सरांना पटलं असेल की चित्र चुकलंय. तर सर म्हणाले, "म्हणूनच सांगतो. ज्यानं एवढे काटे बघितले, त्याला दांडा दिसला नसेल का?" मी घरी येऊन बायकोला हे जसंच्या तसं सांगितलं. तीही म्हणाली की सरांचं बरोबर आहे. मग मी म्हणालो की सर तर चित्राच्या विरुद्ध सिद्ध करून बसलेत. तर ती म्हणाली, हो, तेही बरोबर आहे. मी जेवलो आणि झोपलो.

काकू, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, त्या कुंड्यांतली पानं कापून केसांना लावायच्या. या सगळ्या प्रयोगात फायदा झाला तो एवढाच.

*

डिंभ्याच्या प्रदर्शनात एक मासेमार भेटला. धरणाच्या पाण्याकाठी त्याचं घर. सगळी चित्रं सोडून तो नागदवण्याच्या चित्रापुढं उभा राहिला. नागदवणा म्हणजे पांढऱ्या लांब पाकळ्यांची मोठी लिली. दारात लावली की साप येत नाही असं आपल्याकडं म्हणतात. याच्या दारात खडक, झाड काही जगेना. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं की चित्राची झेरॉक्स मिळेल का. मी म्हटलं मिळेल की, त्यात काय.

पुढच्या बाजारच्या दिवशी तो दुकानात हजर. झेरॉक्स दाराला चिकटवली होती आणि तरी साप निघाला होता. तो भांडायला आला नव्हता, चौकशीला आला होता. "काळी-पांढरी हाय म्हनून जमलं नसंल का, भाऊ? कलर करून बगू का?"

आता काय बोलायचं तुम्हीच सांगा. चित्रानं साप जात नाही असं म्हणावं, तर मी झेरॉक्स दिली कशाला? जातो म्हणावं, तर सरांना काय तोंड दाखवू? मी मुकाट्यानं कलर प्रिंट काढली. तोच म्हणाला की दमट हवा आहे, लॅमिनेशन करा. ते पण केलं.

त्यानंतर तो दोनदा मासे देऊन गेला. साप आलेला नाही म्हणतो. सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी केलं होतं का.

*

भागातल्या एका होतकरू पुढाऱ्याचा वाढदिवस होता. नाव कशाला घ्या. त्यांना फ्लेक्सच्या मागं नेहमीचा उगवता सूर्य नको होता, काहीतरी राजेशाही पाहिजे होतं. माझ्या कॉम्प्युटरवर सरांची चित्रं स्कॅन करून ठेवलेली. त्यांनी स्वतःच चाळली आणि घायपाताच्या चित्रावर बोट ठेवलं. घायपात म्हणजे बांधावर लावतात ते तलवारीसारख्या पानांचं. त्याच्या मधून माणसापेक्षा उंच दांडा निघालेला, वर फुलांची झुंबरं. दिसतं खरंच दिमाखदार. खाली त्यांचा हात जोडलेला फोटो. स्टँडसमोर मोठा फ्लेक्स लागला, लोकांनी थांबून थांबून बघितला.

संध्याकाळी सुमनताई तिथून जाताना कुणीतरी त्यांना विचारलं की बाई, हे कसलं झाड. बाई पडल्या शिक्षिका. विचारल्यावर उत्तर द्यायचंच. त्यांनी स्वच्छ आवाजात सांगितलं की हे आयुष्यात एकदाच फुलतं आणि फुललं की मरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढाऱ्यांचा माणूस उगवता सूर्य मागायला आला.

*

आणि मग पुण्याचे साहेब आले. साहेब म्हणजे जुन्या वनस्पतिचित्रांचे मोठे जाणकार. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना आणलं होतं. माझ्याच दुकानात टेबल साफ करून चित्रं मांडली. त्यांनी एकेक भिंगातून पाहिलं, फार आदरानं. पुण्यात मोठं प्रदर्शन भरवू म्हणाले. सगळ्या ट्रंकेला तिथं जागा देऊ म्हणाले. सर लहान मुलासारखे खूश झाले आणि सगळ्यात शेवटी त्यांनी वाकडी पुढं ठेवली.

साहेबांनी तिचे काटे बघून "वा" म्हटलं. रंग बघून परत म्हटलं. मग दांड्यावर आले आणि भिंग खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाले, "सर, ही कच्च्या हातानं केलेली नक्कल आहे. दांडा चुकलाय, फुलं चुकलीत. हे चित्र बाकीच्यांत ठेवलं तर लोक बाकीच्यांवरही शंका घेतील. हे नको."

सर एवढंच म्हणाले की बरं. त्यांनी वाकडी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि काखेत धरून घरी गेले. मला फार वाईट वाटलं. एरवी मी सरांची टिंगल करतो, पण त्या दिवशी त्यांना रस्ता ओलांडताना बघवेना. त्या चित्रकाराचं नाव नाही, गाव नाही, वंशात कुणी असेल तर ठाऊक नाही. त्याच्या बाजूनं बोलणारा जगात हा एकच म्हातारा होता, आणि तोही बरं म्हणून गेला.

*

त्यानंतर सरांच्या घरात काही ठीक चाललं नाही. सर जेवताना बोलेनात, काकूंना राग यायचा. काकूंनी शोध लावला की दोष कळलावीच्या चित्राचा. कळलावी म्हणजे ती ज्वाळेसारखी लाल-पिवळी लिली. ती घरात ठेवली की भांडणं होतात ही समजूत पक्की. आजवर चित्र ट्रंकेत तळाशी होतं, पुण्याला न्यायचं म्हणून वर काढलं आणि घरात बिघडलं, असं काकूंचं म्हणणं. चित्र माझ्याकडं आलं. आठवड्यात माझं आणि बायकोचं वाजलं. कारण आता आठवत नाही, पण बायकोला आठवतं आणि ते कळलावी आहे. म्हणून चित्र नानांकडं गेलं. नानांच्या दोन्ही सुना एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या. सुमनताई एकट्याच राहतात, त्यांना म्हटलं तुम्ही ठेवा, तुम्ही कुणाशी भांडणार? तर त्या माझ्याशीच भांडल्या.

शेवटी कोर्टाजवळच्या एका वकीलसाहेबांच्या कानावर हे गेलं. ते स्वतः गाडी घेऊन आले आणि चित्र मागून नेलं. पक्षकार बसतात त्या बाकासमोर लावलंय. परत द्यायचं नाव काढत नाहीत.

*

आता शिनोलीचं. पुण्याला जायच्या आधी चित्रं एकदा आपल्या माणसांनी बघावीत, म्हणून शिनोलीच्या हॉलमध्ये शेवटचं प्रदर्शन ठेवलं. उद्घाटनाला सरपंचबाई, प्रमुख पाहुणे पुण्याचे साहेब. संपल्यावर साहेब चित्रं गाडीतून घेऊनच जाणार होते, वाकडी सोडून. तरी सरांनी वाकडी बरोबर आणली होती. लावायला नव्हे. घरी एकटी ठेवायला नको म्हणाले. दोन काचांमध्ये धरून कडेनं पट्टी मारलेली, लटकवायला कडीसुद्धा नाही. कोपऱ्यात टेबलामागं वर्तमानपत्रात उभी करून ठेवली.

समई आणली होती, पण वारा असा की वात टिकेना. काड्यांची पेटी संपत आली. सरपंचबाई म्हणजे दोन ट्रॅक्टर आणि चार दीर सांभाळणारी बाई, त्यांना खोळंबा सहन होत नाही. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तो दिवा. एक चित्र द्या इकडं, माज्या हातानं लावते, झालं उद्घाटन."

कल्पना सगळ्यांना आवडली. फक्त एक अडचण होती. नानांनी वेळेआधीच सगळी चित्रं भिंतीवर चढवली होती. गाडी वेळेवर सुटली पाहिजे ना! हातात द्यायला एकही शिल्लक नाही. लोक टाळ्या वाजवायला हात उचलून बसलेले. नाना गडबडले, टेबलामागं वाकले आणि वर्तमानपत्रातली वाकडी सरपंचबाईंच्या हातात दिली.

मी सरांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. साहेब बसल्या जागी चुळबुळले. सुमनताईंनी डोळे मिटून घेतले. आता भर सभेत साहेब सांगणार की हे नको, आणि सरांना ते सगळ्या गावासमोर ऐकावं लागणार.

बाईंनी कागद काढला, चित्र हातभर लांब धरून बघितलं. "अगं बाई, कोरफड," म्हणाल्या. मग सुतळी मागितली. मिठाईच्या पुड्याला बांधतात तशी काचेला चारी बाजूंनी फिरवली आणि गाठ मारली. भिंतीकडं न जाता त्या सरळ हॉलच्या दाराशी गेल्या. चौकटीवर तोरणाचा खिळा होताच. स्टुलावर चढल्या आणि चित्र खिळ्याला अडकवून खाली उतरल्या. टाळ्या झाल्या.

चित्र उलटं लागलं होतं. मुळं वर, पानं खाली.

नाना म्हणाले, "ओ ताई, उलटं," आणि पुढं निघाले. सुमनताईंनी त्यांचा शर्ट मागून धरला. पानं जमिनीकडं तोंड करून होती. त्यांतून दांडा खाली निघाला होता आणि वळून सरळ वर, आभाळाकडं गेला होता. त्यावरची फुलं खाली लोंबत होती, खऱ्या कोरफडीची लोंबतात तशी. साहेब मान वाकडी करून बघत होते. मग त्यांनी मान सरळ केली. उठून दारापाशी आले.

"ताई," त्यांनी विचारलं, "तुम्ही हे असं का लावलंत?"

सरपंचबाईंना प्रश्नच कळला नाही. पुण्याच्या माणसाला एवढंही माहीत नाही म्हणून त्यांनी समजुतीनं सांगितलं. "दारावर कोरफड आनखी कशी टांगत्यात? दिष्ट लागू नये म्हनून उलटीच बांधायची असती. आमच्या दाराला हाय ना, सासूबाईंनी बांधलेली. माती न्हाई, पानी न्हाई, तरी जगलीया. तिलाबी असंच फूल आलं व्हतं मागं."

हांडे सर कधी उठले मला कळलं नाही. ते स्टुलावर चढत होते. नानांनी स्टूल धरलं, मी सरांचे पाय धरले. चित्रात मुळांच्या टोकापासून कागदाच्या कडेपर्यंत एक बारीक तपकिरी रेघ गेलेली होती. इतके दिवस आम्ही सगळे तिला लांबलेलं मूळ समजत होतो. सरांनी खिशातलं भिंग काढलं आणि त्या रेघेला लावलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सुमनताई," ते वरूनच म्हणाले. "हे मूळ नाही हो. याला पीळ आहे. ही सुतळी आहे."

"हाय ना सुतळी," सरपंचबाई खालून म्हणाल्या. "मीच बांधलीया. पक्की हाय सर, पडायची न्हाई."